प्रोटीनची तीन कोटेशनं

पोट कापून लहान करून घेणं सोपं आहे. आपण झोपलेले असतो, काम डॉक्टर करतात. त्यानंतर प्रोटीनची पावडर निवडायची असते, आणि ती जागेपणी निवडावी लागते.

ऑपरेशनची वेळ आलीच कशी, असं लोक विचारतात. माझी बायको गोपिका गेली तेव्हा माझं वजन शहाण्णव किलो होतं. दीड वर्षानं ते एकशे एकतीस झालं. दुःखानं माणूस वाळतो असं मी ऐकत आलो होतो. मला ते लागू पडलं नाही.

कारण डबे. ज्या घरातलं माणूस जातं त्या घरी तेरा दिवस चूल पेटवत नाहीत, शेजारीपाजारी डबे आणून देतात. कोराडी रोडवरच्या आमच्या ले-आउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, हे तेरा दिवस दीड वर्ष चालले. मासिक झालं, वर्षश्राद्ध झालं, डबे थांबले नाहीत. त्यातही शेजारच्या यमुताईंचा डबा सकाळ-संध्याकाळ, गजर लावल्यासारखा. डबा आणणारा माणूस समोर बसतो आणि विचारतो, "कसं चालू हाय?" तोंडात घास असला की उत्तर द्यावं लागत नाही. म्हणून मी घास ठेवत गेलो. एवढंच.

आणखी एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे ती लागणार आहे. आमच्याकडे शेजाऱ्याचा डबा रिकामा परत देत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर घालायची, पण रिकामा द्यायचा नाही. गोपिका हे फार कडक पाळायची. ती गेल्यावर मीही पाळलं. कधी साखर, कधी शेंगदाणे, एकदा घरात काहीच नव्हतं तेव्हा एक लिंबू.

तर ऑपरेशन झालं. दोन महिन्यांत सव्वीस किलो उतरले. मी खुशीत होतो. मग एक दिवस केस विंचरले तर डोक्यापेक्षा कंगव्यात केस जास्त. गच्चीवर जाताना मधल्या पायरीवर बसावं लागायला लागलं. रक्त तपासलं. प्रोटीन पाच पूर्णांक सहा निघालं. सहाच्या वर पाहिजे. रिपोर्ट मोबाइलवर पोचला आणि तिसऱ्या दिवशी माझी मुलगी नूपुर पुण्याहून घरात पोचली.

"बाबा, तुम्ही ऐकून नाही राहिले," ती म्हणाली. पुण्यात ती चांगलं बोलते, घरात पाय टाकला की नागपूरवर येते. "एक महिना देते. सत्तावीस तारखेला पुन्हा रक्त तपासायचं. सहाच्या वर आलं तर राहा इथं. नाही आलं तर बॅग भरायची अन् माझ्यासोबत पुण्याला यायचं. घराले कुलूप."

"कुलूप काहून?"

"मग काय उघडं टाकून याल?"

नूपुरचं घर चौदाव्या मजल्यावर आहे. जावई चांगला आहे, घर चांगलं आहे, खिडकीतून दुसऱ्या लोकांच्या खिडक्या दिसतात. पण या घरात गोपिकेनं लावलेला कढीपत्ता आहे. स्वयंपाकघरात तिनं टांगलेलं कॅलेंडर आहे, ते मी बदललेलं नाही. सिलिंडर लावल्याच्या तारखेभोवती तिनं काढलेला गोल आहे. घराला कुलूप लावलं तर ती आत एकटी राहील, असं माझ्या मनात आलं. हे मुलीला सांगता येत नाही. मी म्हटलं, "तिकडे पाणी कमी येते."

"टँकर येते बाबा," नूपुर म्हणाली आणि तारखेची आठवण मोबाइलवर लावून परत गेली.

दवाखान्यात आहाराचं सांगायला श्वेता मॅडम आहेत. वयानं नूपुरएवढ्या. त्या म्हणाल्या, "काका, तुमचं पोट आता एका वाटीएवढं आहे. दिवसाला साठ ग्रॅम प्रोटीन त्यात बसवायचं. आधी प्रोटीन, जागा उरली तर बाकीचं. अंडी खाता?"

"आमच्या घरात चालत नाही."

"घरात कोण कोण असतं?"

"मी."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. थोड्या वेळानं उचललं. "बरं. मग पावडर घ्या. चांगली बघून घ्या."

इथं एक गोष्ट कबूल करतो. कोराडीला वीज केंद्रात नोकरीवर असताना कॅन्टीनमध्ये मी रोज दुपारी चार वाजता ऑम्लेट खात होतो. एकतीस वर्षं. घरी जाताना बसमध्ये मूठभर बडीशेप चावायची, की झालं. गोपिकेच्या स्वयंपाकघरात अंडं कधी आलं नाही. ती असताना जे लपवलं ते ती नसताना राजरोस आणायचं, हे मला जमणारं नव्हतं. म्हणून पावडर.

पण "चांगली बघून घ्या" या तीन शब्दांनी घात केला. मी कोराडीला स्टोअरमध्ये होतो. तिथं एक वॉशर घ्यायची असली तरी तीन कोटेशनं मागवायची, तक्त्यात शेजारीशेजारी मांडायची, आणि ज्याचा भाव सगळ्यात कमी त्याला ऑर्डर द्यायची. यात आवडनिवड येत नाही, वशिला येत नाही, झोप शांत लागते. मी एकदा गोपिकेची साडीसुद्धा अशीच घेतली होती. ती तिनं नेसली नाही, पण पद्धतीत चूक नव्हती.

समिती नेमणं आलं. अध्यक्ष मी, तांत्रिक सदस्य वामनराव. वामनराव म्हणजे यमुताईंचे यजमान. पोस्टातून निवृत्त, वजन सत्तेचाळीस किलो. गेली चाळीस वर्षं यमुताई त्यांच्या अंगावर काहीतरी चढावं म्हणून झटतात. माझ्या घरी येणारे डबे आधी त्यांच्यावर वापरून पाहिलेले असत. माझ्यावर गुण आला, त्यांच्यावर आला नाही. वामनराव बनियन घालून ओसरीवर बसले की बनियन दिसते, वामनराव दिसत नाहीत. दोघंही माळकरी. त्यांच्या घरात अंड्याला "ते" म्हणतात, आणि तेही हळू.

"मधुभाऊ, पावडर म्हटलं का भेसळ आली," वामनराव म्हणाले. "मी येतो संगं. मले वासानं समजते."

पहिलं कोटेशन कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून घेतलं. दुकानदारानं एक डबा दाखवला आणि नमुना म्हणून पुडी दिली. ती पाण्यात कालवून मी प्यालो. चव वाईट होती असं म्हणणार नाही. चवच नव्हती. भिंतीला बोट लावून चाटलं तर निदान चुना लागतो.

वामनरावांनी वास घेतला. "हे पेशंटचं हाय."

"मी पेशंटच आहो ना."

"हाव, पण लोकायले सांगायचं कायले?"

दुसऱ्या कोटेशनसाठी आम्ही जरीपटक्याला गेलो. तिथं जितेंद्र नावाच्या मुलाचं पावडरींचं दुकान आहे. दंड माझ्या मांडीएवढा. म्हणजे आताच्या मांडीएवढा. भिंतीवर सगळीकडे उघड्या माणसांचे फोटो.

"अंकल, कटिंग करून राहिले का बल्किंग? उतरवायचं का चढवायचं?" त्यानं विचारलं.

"कटिंग दवाखान्यात झालं," मी म्हटलं. "आता फक्त पावडर पाहिजे."

त्यानं माझ्या दंडाला टेप लावली, आकडा पाहिला आणि सभ्यपणे टेप खिशात ठेवली. मग म्हणाला, "एक फोटो घेऊ का अंकल? रेकॉर्डसाठी." रेकॉर्ड या शब्दाला मी कधी नाही म्हटलेलं नाही. शर्ट आत खोचून सरळ उभा राहिलो. वामनराव बाजूला उभे होते, त्यांना जितेंद्रनं हातानं फोटोबाहेर सरकवलं. त्यांना ते लागलं.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "किरकोळीत काहून घ्यायचं? इतवारीत सगळं ठोक भेटते."

म्हणून तिसरं कोटेशन इतवारीचं. धान्याची गल्ली, कापडाची गल्ली, भांड्यांची गल्ली, या सगळ्या गल्ल्या हातगाड्यांना अंग चोरत ओलांडल्या. एका दुकानात मसाल्याच्या पोत्यांवर पावडरींचे डबे रचलेले होते. शेठनं शिडीवर चढून वरून पाच किलोंची पिशवी खाली टाकली. तिच्यावर बैलाचं चित्र होतं आणि मोठ्या अक्षरांत "जंबो" लिहिलेलं होतं.

"यात प्रोटीन आहे?" मी विचारलं.

"लिहिलं आहे ना साहेब," शेठ म्हणाले. लिहिलेलं होतं. शेठ खोटं बोलले नाहीत.

संध्याकाळी माझ्या ओसरीवर समितीची बैठक झाली. वामनरावांना चहा, मला ताक. तक्ता मांडला. किलोमागे भाव पाहिला तर जंबो इतरांच्या पाव हिश्शातही नव्हता. मी एकतीस वर्षांत इतका स्पष्ट निकाल पाहिला नव्हता. वामनरावांनी खाली सही केली आणि सवयीनं पोस्टाचा शिक्का शोधला.

दुसऱ्या दिवशी जंबो घरी आला. मला वजन उचलायची मनाई, वामनरावांना सवय नाही. दोघांनी दोन कान धरून पिशवी ऑटोपर्यंत आणली. वाटेत एक हातगाडीवाला थांबला आणि म्हणाला, "बाजू द्या रे, पेशंट हाय."

पिशवीवर लिहिल्याप्रमाणे मी चार चमचे दुधात कालवले आणि पोटात मावेल तेवढं प्यालो. चमचा म्हणजे आतमध्ये जे माप होतं ते, गोपिकेच्या वरणाच्या पळीएवढं. चव छान होती. पेढ्यासारखी. मी मनात म्हटलं, पाहा, पद्धत म्हणजे पद्धत.

दहा मिनिटांनी कानात भोंगा वाजायला लागला. कोराडीला पाळी बदलताना वाजायचा तसाच. अंगाला घाम, छातीत धडधड, पायात जोर नाही. मी स्वयंपाकघराच्या फरशीवर आडवा झालो. तेवढ्यात वामनराव आले.

"मधुभाऊ, आडवे काहून?"

"बरं वाटते आडवं. मॅडमले फोन लावा."

श्वेता मॅडमनी विचारलं, नक्की काय घेतलं. पिशवीवरचं वाचून दाखवा. वामनरावांनी भिंग आणलं, माझ्या डोक्याशी मांडी घालून बसले आणि पोस्टात तार वाचून दाखवायचे त्या आवाजात वाचायला लागले. साखर. मग आणखी एक साखर. एका वेळच्या कॅलरी बाराशे. मग थांबले. मग हळू वाचलं, "झपाट्यानं वजन वाढवण्यासाठी."



"काका," मॅडम म्हणाल्या, "तुम्ही वजन कमी करायचं ऑपरेशन केलं आहे ना?"

"हो."

"आणि ही पावडर तुम्ही निवडली?"

"समितीनं निवडली," मी फरशीवरून म्हटलं.

अर्धा तास पडून राहा, एवढी साखर या पोटाला झेपत नाही, आता उतरेल, असं त्यांनी सांगितलं. ती उतरली. जंबो मात्र उरला. इतवारीला परत नेला तर शेठनं सील फोडलेलं पाहिलं आणि हात जोडले. टाकून द्यावा तर गोपिकेच्या घरात अन्न टाकायची रीत नाही. मी मॅडमना पुन्हा फोन करून विचारलं, दुसऱ्या कोणी घेतली तर चालेल का. त्या म्हणाल्या, शुगर नसलेल्या बारीक माणसाला चालेल.

शुगर नसलेला बारीक माणूस कुंपणापलीकडे बनियनमध्ये बसलेला होता.

त्या दिवशी यमुताईंचा डबा परत करायचा होता. मी त्यात जंबो भरला. "यमुताई, ताकदीची पावडर हाय. मले झेपत नाही. दुधात घालून द्या."

"कोणाले?"

"ज्याले ताकद पाहिजे त्याले."

यमुताईंनी मागे वळून पाहिलं. वामनराव पेपर वाचत होते. पेपर जरा जड वाटत असावा, कारण त्यांनी तो गुडघ्यावर टेकवला होता.

इकडे माझे आठ दिवस गेले होते आणि प्रोटीन शून्य. तत्त्व बाजूला ठेवून मी जितेंद्रकडचा महाग डबा घ्यायचा ठरवला. वामनराव सोबत होतेच. दुकानाच्या दाराशी ते एकदम उभे राहिले आणि वर पाहायला लागले.

"मधुभाऊ, तुम्ही बोर्डावर हाय."

मी होतो. शर्ट खोचून, सरळ उभा, जवळजवळ खऱ्या आकाराचा. खाली लिहिलं होतं, "पहिले." शेजारी "नंतर" म्हणून कोणाचं तरी नुसतं धड होतं, त्याला डोकं नव्हतं. आता विचार करा. सव्वीस किलो उतरवून, पोटाचे चारातले तीन हिस्से दवाखान्यात ठेवून, केसांचं नुकसान सोसून मी जिथं पोचलो होतो, ते या मुलाच्या हिशेबी सुरुवातीचं ठिकाण होतं.

"हे काय हाय गा?" मी जितेंद्रला विचारलं.

"अंकल, टेन्शन काहून घेऊन राहिले? तीन महिने माल घ्या, मी तुमचा 'नंतर'चा फोटो लावतो." आणि मान राखायचा म्हणून त्यानं एक शेकर फुकट दिला. शेकर म्हणजे घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा पेला. त्यात पावडर आणि दूध घालून हलवायचं.

दूध थंड पाहिजे, हे तो बोलला नाही. मी गरम घातलं, कारण या घरात दूध गरमच पितात. झाकण गच्च लावून हलवलं. तिसऱ्या हिसक्याला झाकण पंख्यापर्यंत गेलं. चॉकलेटी रंगाचं दूध छतावर, भिंतीवर, माझ्या चष्म्यावर. आवाज ऐकून वामनराव धावत आले. धावत. ते चाळीस वर्षांत कधी धावले नव्हते, पण मी तेव्हा तिकडे लक्ष दिलं नाही, कारण मी कॅलेंडर पुसत होतो. एक शिंतोडा सिलिंडरच्या तारखेवर उडाला होता. ओल्या फडक्याचा कोपरा लावून हळूहळू काढला. गोल शाबूत राहिला.

थंड दुधात गाठी होत होत्या. गाठी गाळून घेतल्या तर प्रोटीन गाळणीत राहत होतं. गाठी न गाळता घेतलं तर तीन घोटांनंतर पोट म्हणायचं, पुरे. मॅडमनी डायरी ठेवायला सांगितली होती. रोज रात्री बेरीज करायचो. अडतीस. एक्केचाळीस. एकोणचाळीस. साठ कधी दिसले नाहीत.

कुंपणापलीकडे मात्र कमाल चालू होती. वामनराव सत्तेचाळीसचे साडेअठ्ठेचाळीस झाले. मग पन्नास. बनियनमध्ये वामनराव दिसायला लागले. त्यांनी चालण्याची पद्धत बदलली. दोन्ही हात अंगापासून थोडे लांब धरून चालायला लागले, मध्ये काहीतरी आल्यासारखे. एकदा मला म्हणाले, "मधुभाऊ, जिना चढताना बसता कायले? दमानं घ्या. माझ्यासारखं." माणसाचा अपमान किती हळू आवाजात होऊ शकतो ते मला त्या दिवशी समजलं.

यमुताई तर हरखून गेल्या होत्या. उपकार फेडायचे म्हणून त्यांनी डबे वाढवले. सांबारवडी आली, पुरणपोळी आली, तुपाचा शिरा आला. त्यातलं मला एक बोटभर चालायचं. बाकीचं मी पेपरवाल्याला द्यायचो. आणि डबा रिकामा द्यायचा नाही, म्हणून प्रत्येक डब्यातून जंबो परत जायचा. दीड वर्ष त्या बाईनं मला डब्यांतून फुगवलं होतं. आता मी त्याच डब्यांतून तिचा नवरा फुगवत होतो. कोणाच्याही मनात वाईट नव्हतं, तेव्हाही आणि आताही.

सतरा तारखेला मी दुपारी ओसरीवर बसलो होतो. यमुताई कुंपणाशी आल्या.

"मधुभाऊ, हे फुगून राहिले अन् तुम्ही सुकून राहिले. काहून?"

मी सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण चार वाजले होते, आणि चार वाजता मला काही सुचत नाही. सत्तावीस तारखेचं सगळं सांगितलं.

"अन् मंग हे घर?"

"कुलूप."

यमुताई तशाच आत गेल्या. मला वाटलं, रागावल्या. संध्याकाळचा डबा आला नाही. दीड-पावणेदोन वर्षांत पहिल्यांदा. मी रात्री डायरीत सदतीस लिहिले आणि सहज म्हणून माळ्यावरची बॅग किती मोठी आहे ते पाहून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी बरोबर चार वाजता यमुताई आल्या. कुंपणाशी थांबल्या नाहीत, फाटक उघडून आत आल्या. पदराखाली काहीतरी होतं. मागे वामनराव, दोन्ही बाजूंना पाहत. रस्त्यावर कोणी नाही असं पाहून यमुताईंनी माझ्यासमोर डबा ठेवला.

तो त्यांचा डबा नव्हता. स्टीलचा, गोल, झाकणावर मशिननं कोरलेलं नाव. सौ. गोपिका म. बोरकुटे. इतवारीच्या भांड्यांच्या गल्लीत आम्ही दोघांनी उभं राहून कोरून घेतलं होतं. कोरणारा नुसतं आडनाव घालतो म्हणत होता, कमी अक्षरांत काम होईल म्हणून. तिनं पूर्ण नाव घालायला लावलं. हा डबा मी घरभर शोधला होता.

"तिचाच हाय," यमुताई म्हणाल्या. "जायच्या आठ दिवस आधी यात मले शेवया दिल्या होत्या तिनं. मंग असं झालं. रिकामा कसा देऊ? अन् भरून देऊ तं काय घालू? तुमच्याकडे रोज माझ्या डब्यात पाठवत राहिली, ह्याले हातच लावू शकली नाही. आता उघडा."

मी झाकण काढलं. आत चार उकडलेली अंडी होती, सोललेली. सोबत मीठ-मिऱ्यांची पुडी.

मी यमुताईंकडे पाहिलं. "यमुताई, हे..."

"हाव. तेच हाय."

"कुठं केले?"

"गच्चीवर. ह्यांच्या दाढीच्या पाण्याच्या भांड्यात. ते भांडं आता खाली येणार नाही."

"मी आणले," वामनराव कुजबुजले. "पिशवीत कोथिंबिरीखाली. दुकानदारानं विचारलं, किती देऊ. मी बोटं दाखवली. तोंडानं नाही बोललो." त्यांच्या चेहऱ्यावर एवढं तेज ते पन्नास किलोचे झाले तेव्हाही मी पाहिलं नव्हतं.

"पण यमुताई," मी म्हटलं, "गोपिकेच्या घरात हे चालत नव्हतं."

"मले सांगता?" यमुताई ओसरीच्या पायरीवर बसल्या. "तिले सगळं माहीत होतं. तुमचे सदरे तुम्ही धूत होते का ती? मले म्हणे, यमू, एकतीस वर्षं झाले, हा मानूस रोज संध्याकाळी बडीशेपेचा वास घेऊन घरी येते. एवढी बडीशेप कोणी उगाच खाते का वं."

"मंग बोलली काहून नाही?"

"म्हणे, मी बोलली तं सोडून देईल. मंग दुपारचं उपाशी राहील. खाऊ दे. घरात आणत नाही ना, तेवढा माझा मान ठेवते, बस झालं."

मी एक अंडं उचललं. मीठ लावलं. एकतीस वर्षं मी ज्या बसमध्ये चोरासारखा बडीशेप चावत बसायचो, तिच्या शेवटच्या थांब्यावर एक बाई माझे सदरे घेऊन हसत उभी होती, असं काहीसं मला दिसलं. मी घास घेतला. हळू चावला, मॅडमनी सांगितल्याप्रमाणे वीस वेळा.

यमुताईंनी सवयीनं विचारलं, "कसं चालू हाय?"

मी घास गिळला आणि उत्तर दिलं. पहिल्यांदाच. बराच वेळ लागला. वामनराव मध्ये उठून स्वतःचं जंबोचं दूध घेऊन आले आणि ऐकत बसले. उत्तर संपलं तेव्हा डब्यात एक अंडं उरलं होतं आणि दिवे लागले होते. ते शेवटचं मी जेवणाच्या वेळी खाल्लं. त्या रात्री डायरीत बेरीज केली. त्रेसष्ट आली. मी दोनदा केली.

मग नऊ दिवस गच्चीवरचा कारखाना चालला. आमच्या ले-आउटमध्ये कोणाला पत्ता लागला नाही असं यमुताईंना वाटतं. कोपऱ्यावरचा दुकानदार मात्र वामनराव दिसले की न विचारता चार मोजतो, आणि वर कोथिंबीर फुकट घालतो.

मधल्या काळात जितेंद्रनं बोर्ड बदलला. माझा महाग डबा संपला होता, म्हणून मी वामनरावांना आणायला पाठवलं होतं. ते हात अंगापासून लांब धरून दुकानात शिरले. जितेंद्रनं त्यांना ओळखलं नाही. मग ओळखलं आणि लगेच फोटो काढला. आता बोर्डावर "पहिले"खाली मी आहे आणि "नंतर"खाली वामनराव आहेत, बनियनमध्ये, एकावन्न किलो. रस्त्यानं जाणाऱ्यांना दोन्ही एकच माणूस वाटतो. परवा दोघंजण त्याखाली उभे राहून तीन महिन्यांत हे कसं झालं याची चर्चा करत होते. मी शेजारून गेलो, मला कोणी विचारलं नाही.

सत्तावीस तारखेला रक्त दिलं. अठ्ठावीसला दुपारी चारच्या आधी रिपोर्ट आला. सहा पूर्णांक दोन. मी बॅग माळ्यावर आणखी आत ढकलली. नूपुरचा फोन आला.

"बाबा, जमलं तुम्हाला. कोणती पावडर लागू पडली शेवटी?"

"तिन्ही कोटेशनमध्ये नव्हती ती."

"नाव सांगा, मॅडमले कळवते."

"ते," मी म्हटलं.

"ते म्हणजे?"

"हळू बोल."

ती हसली की रडली, फोनवर नीट समजलं नाही. दिवाळीला येते म्हणाली.

फोन ठेवून मी डबा घासला, पुसला. तसा हा डबा माझ्याच घरचा. तो परत द्यायचं काही कारण नाही. पण दिला नाही तर उद्याचं कशात येणार? यमुताईंच्या डब्यात "ते" चालत नाही. आणि रिकामा तर द्यायचा नाही. जंबोच्या पिशवीत हात घातला. तळाशी शेवटचं एक माप उरलं होतं. ते डब्यात ओतलं, झाकण लावलं, नाव वरच्या बाजूला येईल असा धरला आणि कुंपणावरून यमुताईंच्या हातात दिला.